घट्ट झाकणाचे बारा डबे

"अण्णा, जरा तांब्याभर पाणी द्या," वहिनी म्हणाली.

दुकानदार विभूते अण्णांना वाटलं, बाईंना तहान लागली. लागेल नाही तर काय! सकाळपासून आमचं ते तिसरं दुकान होतं आणि वहिनीच्या अंगात तेव्हा धड उभं राहण्याचंही बळ नव्हतं. केस गेले होते म्हणून डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळलेला. अण्णांनी गार पाण्याचा तांब्या आणून दिला. वहिनीनं तो तोंडाला लावलाच नाही. समोरच्या स्टीलच्या डब्यात पाणी ओतलं, झाकण बसवलं, दोन्ही बाजूंचे खटके दाबले आणि डबा उलटा करून थेट माझ्या मांडीवर धरला.

"अगं वहिनी, साडी!"

"गप बस. भिजली तर डबा वाईट, नाही भिजली तर चांगला."

भिजली. चांगली गुडघ्यापर्यंत भिजली. वहिनीनं डबा बाजूला सारला आणि म्हणाली, "दुसरा दाखवा अण्णा."

मी चिडले होते, पण खरं सांगायचं तर आतून मला इतकं बरं वाटत होतं की तिनं अख्खी बादली ओतली असती तरी चाललं असतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा वहिनी कशात तरी रस घेत होती.

सत्त्याण्णव साल. सांगलीतली गणपती पेठ. भांड्यांच्या दुकानात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, कारण पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात नवी भांडी घेतं कोण? अण्णांनीही आम्हाला बघून जरा नवल केलं होतं. "ताई, घट बसल्यावर नवा माल येणाराय," म्हणाले. वहिनी म्हणाली, "गर्दी नसते आत्ता. नीट बघून घेता येतं." मला ते पटलं. त्या दिवशी मला सगळंच पटत होतं.

कारण मी डबे घ्यायला गेलेच नव्हते. मला वहिनीला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. डॉक्टरांनी सहा वेळा औषध चढवायला सांगितलं होतं. दोनदा झालं आणि वहिनीनं जाहीर करून टाकलं, "बास झालं. आता मी येत नाही." दादा पहिले दोन दिवस रडला, मग त्याचं बोलणंच बंद झालं. डॉक्टर मला म्हणाले होते, "घेतलं तर काही महिने जास्त मिळतील. बरं होईल असं मी म्हणत नाही." त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मी ऐकलं. दुसरं ऐकूच आलं नाही म्हणा ना.

आणि मग त्या सकाळी ती आपण होऊन म्हणाली, "शालन, शाळेत रजा टाक. डबे घ्यायला जायचंय. जेवणाचे, कामावर न्यायचे. बारा."

"वाणाला?" मी विचारलं.

ती पदर सारखा करत होती. "घ्यायचेत एवढं खरं," म्हणाली.

झालं! मला तेवढं पुरलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण जी बाई सप्टेंबरात घेते, तिला जानेवारीपर्यंत जगायचंय, दुसरं काय! मी लगेच साडी बदलली. ठरवलं, ती म्हणेल तेवढी दुकानं फिरायची, हवे तसे डबे घेऊ द्यायचे आणि परतताना रिक्षात मिरजेचा विषय काढायचा.

माझं आणि वहिनीचं काय होतं ते आधी सांगायला हवं. मी सव्विसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी परत आले. आई म्हणाली, नशीब. वहिनीनं मात्र महिन्याभरात माझ्यापुढं डीएडचा फॉर्म ठेवला. स्वतः ती सूतगिरणीत रीलिंगला, सुताच्या लडी करायला होती, एकोणीस वर्षं. सकाळी पाचला उठून ती दोन डबे भरायची, एक स्वतःचा, एक माझा. कॉलेजला असताना, मग शाळेत लागल्यावर, मी कधी डबा स्वतः भरला नाही. आईनं टोकलं तर म्हणायची, "दोघींचं एकदमच होतं की. वेगळं काय करायचंय?"

फक्त एका बाबतीत तिचं घरात काही चाललं नव्हतं. मी आले त्या वर्षीच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर ती वाणाची एक वाटी घेऊन आत स्वयंपाकघरात आली आणि माझ्यापुढं धरली. आईनं ती मधल्यामधे काढून घेतली. "तिच्या हातात देऊ नको. शास्त्र आहे काही!" आणि मीसुद्धा, मूर्ख, म्हणाले, "नको वहिनी. मला नाही चालत ते." वहिनीनं पुन्हा कधी वाण पुढं केलं नाही. त्या दिवशी दरवर्षी मी आत दूध गाळत बसायची. मला त्याचं काही वाटत नाही, असं सगळ्यांना सांगायची. आई गेल्यावरही तसंच चालू राहिलं. सवयच झाली होती.

तर, दुकान. अण्णांनी डब्यांचा ढीग लावला. मी आपली रंगीत प्लास्टिकच्या डब्यांवर भाळले. गुलाबी, आकाशी, झाकणावर फुलं, आत तीन कप्पे. आमच्या शाळेतल्या सगळ्या बाया तेव्हा तसलेच आणायच्या.

"हा बघ किती छान आहे!"

वहिनीनं डबा उघडून नाकाशी नेला. "आत्ताच वास मारतोय. गरम भाजी घातल्यावर काय होईल? आमच्या सिंधूनं असला आणला होता. गिरणीत वाफेच्या नळावर डबे ठेवतो ना आम्ही, ऊन राहावेत म्हणून. तिचा अस्सा वाकडा झाला. आणि बया त्यातच खात होती महिनाभर."

"मग हा जर्मनचा, अ‍ॅल्युमिनियमचा? हलका आहे."

"जर्मनमध्ये आंबट आमटी दुपारपर्यंत काळी पडते. हौसाक्काचा आहे तसला. तळ बघितलास तर तू जेवणार नाहीस."

एकावर मोराची नक्षी होती. नक्षीच्या खाचेत तेलकट घाण बसते, म्हणून तो गेला. एकाची कड बोटाला लागली, तोही गेला. अण्णा बिचारे घामाघूम. शेवटी म्हणाले, "ताई, वाणाला एवढं बघत नाहीत हो कुणी. बायका घेतात आन माळ्यावर टाकतात."

"म्हणूनच बघतेय," वहिनी म्हणाली. "माळ्यावर पडायचं नाहीये मला. रोज हातात जायला पाहिजे. आणि दिसायलाही चांगला पाहिजे अण्णा. दिवसभर मशीनवर उभं राहून बाई जेवायला बसते, तिला डबा उघडताना जरा बरं वाटायला नको?"

'माळ्यावर पडायचं नाहीये मला' असं ती म्हणाली. मी ऐकलं, आणि हसले.

मग तो डबा निघाला. लांबट गोल, कडेला फक्त एक बारीक रेघ, आत झाकणाची वाटी, दोन्ही बाजूंना खटके. घाट असा सुंदर की हातातून ठेवू नये. वहिनीनं पाणी भरलं, माझ्या मांडीवर उलटा धरला, मनात काहीतरी मोजत बसली. एक थेंब नाही. तिनं डबा हलवला, आपटला. नाहीच. तिचं तोंड असं उजळलं की मला रडूच आलं एकदम. मी पदरानं साडी पुसायचं निमित्त केलं.

"हे बारा द्या," ती म्हणाली.

"बाराच?" मी म्हटलं. "गल्लीतल्याच चाळीस बायका येतात आपल्याकडं."

"बारा पुरेत."

दुकानाच्या पायरीवर दस्तगीरभाई बसायचे, भांड्यांवर नावं घालणारे. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा, हातात ते विजेवर चालणारं करकरणारं यंत्र. त्यांच्यासारखं वळणदार मराठी अक्षर सांगलीत कुणाचं नव्हतं. आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर त्यांचाच हात. वहिनी पायरीवर टेकली आणि ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढून तिनं त्यांना दिला.

त्यांनी वाचला. चष्मा वर केला, पुन्हा वाचला. "तारीख नाही घातली, ताई."

"ती मागनं टाकायची. तेवढी जागा सोडा."

"बरं. गेल्या कोण? सासूबाई?"

"मीच," वहिनी म्हणाली.

दस्तगीरभाईंनी यंत्र बाजूला ठेवलं. मी त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला. वहिनीच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: कै. सौ. रत्नप्रभा दिनकर साळोखे यांचे स्मरणार्थ.

तेराव्याला वाटतात ना भांडी, गेलेल्या माणसाचं नाव घालून! ती माझी वहिनी स्वतःच्या तेराव्याची भांडी घ्यायला आली होती. मला घेऊन. माझ्या मांडीवर पाणी सांडून बघत होती.

दस्तगीरभाई हळूच म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं झाली मला या कामाला. जित्या माणसाच्या नावामागं कै. मी घातलं नाही, घालणार नाही. रागावू नका."

"तुम्ही कशाला घालाल! मी घालू देईन तर ना!" मी ओरडलेच. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. तो कागद मी मुठीत चुरगाळला आणि पर्सच्या तळाशी कोंबला. "वहिनी, तुला लाज कशी वाटत नाही गं? दादाला काय वाटेल? मला काय वाटेल?"

"शालन, ऐक तरी."

"नाही ऐकायचं मला! भाई, लिहा. सौ. रत्नप्रभा दिनकर साळोखे. हळदीकुंकू. संक्रांत, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव."

"शालन." वहिनीनं माझा हात धरला. तिचा हात अगदी गार होता. "हळदीकुंकू नको घालूस. बाकी कै. राहू दे, स्मरण राहू दे, काही नको. नुसतं नाव घाल."

"हळदीकुंकूच घालायचं! आणि स्वतःच्या हातानं वाटायचेस तू हे डबे. त्याच्याआधी कुठं जायचं नाही. परवा मिरजेला जायचं, औषध घ्यायचं, आणि संक्रांतीला माझ्यासमोर उभी राहून वाटायचे. समजलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या कपाळाकडं बघितलं तिनं, आता मला पक्कं आठवतं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "बरं बाई. तुझं खरं."

दस्तगीरभाईंनी बाराही डब्यांवर सुरेख अक्षरात लिहिलं. सौ. मोठं, हळदीकुंकू त्याहून मोठं. मी जवळ उभं राहून लिहून घेतलं. जिंकल्यासारखं वाटत होतं मला.

वहिनी मिरजेला आली. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या शब्दाखातर आली. तिसऱ्या वेळेनंतर तिच्या तोंडात इतके फोड आले की पेजसुद्धा गिळवेना. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे भरले तिला चमच्यानं पाणी पाजावं लागत होतं. मी म्हणायची, "अजून एकच राहिलंय वहिनी, मग संक्रांत." ती मान हलवायची. आता वाटतं, ते औषध मी तिच्यासाठी मागितलं की माझ्यासाठी? माझ्यासाठीच. तिच्याशिवाय मला जगता येत नव्हतं, दुसरं काही नाही.

नाताळच्या आसपास एका दुपारी तिनं खुणेनं मला जवळ बोलावलं. "ते डबे..."

"संक्रांतीला वाटशील की. वीस दिवस तर राहिले."

"तो कागद आहे ना गं तुझ्याकडं? जपून ठेव."

मला इतका राग आला त्या कागदाचा! अजून हिच्या डोक्यातनं तेच जात नाही, असं वाटलं. मी म्हटलं, "तो मी कधीच फाडून टाकला."

खोटं होतं ते. पर्समध्ये कुठंतरी पडला होता, मला आठवणसुद्धा नव्हती.

"फाडलास?" वहिनी म्हणाली. बस, एवढंच. आणि तोंड भिंतीकडं करून पडून राहिली. मला वाटलं, थकली. मी पांघरूण सारखं केलं आणि शाळेचे पेपर तपासत बसले.

एकोणतीस डिसेंबरला ती गेली. संक्रांतीला सोळा दिवस होते.

तेराव्याला दादानं ते खोकं माळ्यावरून काढलं. एक डबा हातात घेऊन वाचला आणि तसाच उभा राहिला. "शालन, हे कसं वाटायचं आता?" खरंच कसं वाटणार? नावामागं नुसतं सौ. लिहिलेलं, हळदीकुंकू लिहिलेलं, आणि तारीख तिनं न बघितलेल्या सणाची. तेराव्याच्या पानावर ते देता येत नव्हतं, आणि त्या वर्षी आमच्या घरात संक्रांत नव्हती. पाहुण्यांना बाजारातनं घाईघाईनं आणलेल्या ताटल्या दिल्या. डबे परत माळ्यावर गेले. 'माळ्यावर पडायचं नाहीये मला,' म्हणाली होती. मीच तिला माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत रुजू व्हायचं होतं. बसचा पास सापडेना म्हणून मी पर्स गादीवर उपडी केली. त्यात तो चुरगाळलेला बोळा निघाला. उलगडला. कै. सौ. ची ओळ वाचवेना म्हणून कागद पालथा केला, तर मागंही लिहिलं होतं. नावं होती. बारा.

पहिलं नाव: शालन.

मग हौसाक्का. तिचा नवरा जाऊन तीस वर्षं झाली. सिंधू, लग्नानंतर वर्षातच नवऱ्यानं टाकलेली. मुमताज. गंगू कांबळे, विधवा. चंद्राबाई, जिचं लग्नच झालं नव्हतं. सगळ्या गिरणीतल्या, वहिनीबरोबर चिंचेखाली जेवणाऱ्या. मी पुन्हा पुन्हा वाचली ती यादी. बारा जणींत हळदीकुंकवाला बोलावतील अशी एकही नव्हती.

वाण फक्त सवाष्णीला देता येतं. स्मरणाचं भांडं कुणालाही देता येतं. कुणी हातातनं काढून घेत नाही, आणि घेणारीही 'मला चालत नाही' म्हणून परत करू शकत नाही. एवढ्यासाठी वहिनीनं स्वतःच्या नावामागं कै. लावायचं ठरवलं होतं. आणि पेठेत, लोकांसमोर, 'शालन, हळदीकुंकू घातलंस तर तुला घेता येणार नाही' असं तिला म्हणवेना. म्हणून 'नुसतं नाव घाल' म्हणाली होती. दोनच शब्द जास्त बोलली असती तर! पण माझं मन दुखावण्यापेक्षा तिनं आपलं मन मारलं. आणि शेवटी तिला वाटलं, मी यादीही फाडली.

मी त्या गादीवर बसून तोंडात पदर कोंबून रडले. पास सापडला नाही, शाळेत गेले नाही.

किंक्रांतीच्या दुपारी मी खोकं रिक्षात घालून गिरणीवर नेलं. त्या दिवशी काही शुभ करत नाहीत, मला तोच दिवस बरा वाटला. चिंचेखाली अकराजणी जेवत होत्या. एक जागा मोकळी सोडली होती. मी एकेकीपुढं डबा ठेवला. सिंधूला वाचता येत होतं, तिनं मोठ्यानं वाचलं, "सौ. रत्नप्रभा दिनकर साळोखे. हळदीकुंकू..." आणि थांबली.

चंद्राबाईनं हात मागं घेतला. हौसाक्का सत्तरीची, मशीन सोडून गिरणीतच झाडलोटीला राहिलेली. तिनं डबा उचलून माझ्यापुढं सरकवला. "ह्ये आमचं न्हवं, बाय. तू चुकून आनलंस."

"तुमचंच आहे. वहिनीनं यादी केलीय. हे बघा, तुमचं नाव आहे." मी कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्या अक्षरावरनं बोट फिरवलं. "हळदीकुंकू मी घातलं. तिला नको होतं. माझी चूक आहे, हौसाक्का."

तिनं खटके उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. आतली वाटी काढून बघितली. काळ्या पडलेल्या जर्मनच्या डब्यातली भाकरी काढून तिनं नव्या डब्यात ठेवली.

"रत्नीनं नुसतं नाव घातलं आस्तं," ती म्हणाली. "तिला कळायचं."

रागानं नाही म्हणाली. नुसतं सांगितलं. चंद्राबाईनं मात्र डबा घेतला नाही, शेवटपर्यंत. तो अजून माझ्या घरी आहे, माझ्या डब्याच्या शेजारी.

माझा मी वापरला. निवृत्त होईपर्यंत, एकवीस वर्षं, रोज. स्वतः भरून. आमटी असो की ताक, एक थेंब कधी बाहेर आला नाही. अक्षरं मात्र मी आपल्याकडं करून ठेवायची, समोरच्याला दिसू नयेत म्हणून. शेवटच्या वर्षी एक नवी पोरगी शाळेत लागली होती. मधल्या सुट्टीत तिनं सहज डबा फिरवला, वाचला, माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि जरा अडखळत विचारलं, "मॅडम, हा तुम्हाला हळदीकुंकवाला मिळाला?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या वहिनीनं दिला."

मग मी झाकण लावलं, खटके दाबले आणि हात धुवायला गेले.